२०० मायक्रॉनचे पैसे घेऊन १२० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिक कागद दिलात त्याबद्दल

नमस्कार,

मी साताऱ्याहून लिहितेय. गेल्या दसऱ्याच्या ऑफरमध्ये तुमच्याकडून परसातल्या ग्रीनहाऊसचं १० बाय २० फुटाचं किट घेतलं होतं, फिटिंगसकट ४२,५०० रुपये. आधी चार फोन झाले, दोन मेल झाले, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि प्रत्येकाला मी पहिल्यापासून कहाणी सांगायची, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते, हे नीट वाचा आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्याकडे पाठवा.

नोव्हेंबरात तुमची दोन पोरं येऊन फिटिंग करून गेली. पोरं चांगली होती, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. कागद पाइपला पकडून ठेवणारी झिगझॅग स्प्रिंग कमी पडली तेव्हा त्यांनीच सांगितलं की मागच्या बाजूला क्लिपा लावून भागवतो, नंतर स्प्रिंग पाठवतो. ती स्प्रिंग अजून येतेय. हिवाळाभर मात्र मी खूश होते, खोटं कशाला बोलू. ढोबळी मिरचीची २४ रोपं, थोडे चेरी टोमॅटो, पालक, कोथिंबीर. सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या की कापडाच्या खोपीत झाडं गुदमरतील, त्यांना मी रोज ताजी कोथिंबीर दाखवून गप्प करत होते.

मार्चपासून गंमत सुरू झाली. बाहेर ३७ आणि आत थर्मामीटर ४६ दाखवायला लागला. तापमान पस्तिशीच्या वर गेलं की ढोबळी फुलं गाळते हे तुम्हाला मी सांगायला नको, सकाळी आत गेलं की खाली फुलांचा सडा. तुमच्या किटला दोन्ही लांब बाजूंनी वर गुंडाळायचा पडदाच नाही, वर हवा जायला जागा नाही, फक्त एक दार, तेही पश्चिमेला. फोनवर विचारलं तर उत्तर काय, तर मॅडम दार उघडं ठेवा. अहो दार उघडं ठेवलं की पांढरी माशी आत, मग तुमच्या माहितीपत्रकात ते कीडमुक्त भाजीपाला लिहिलंय त्याचं काय करायचं? बर्फ पडतो अशा देशातल्या फोटोवरून डिझाइन उचललेलं दिसतंय. आपल्याकडे ऊब साठवायची गरज कुणाला आहे, आपल्याला गरम हवा बाहेर काढायची पंचाईत. शेवटी मीच ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट आणून वरून टाकली तेव्हा कुठे झाडं तगली. तो खर्च माझा, तो मी मागत नाहीये.

मुख्य तक्रार कागदाची आहे. एप्रिलच्या मधे जिथे जिथे कागद पाइपला टेकतो तिथे तिथे तो पिवळट पडून तडकायला लागला, आणि मेमध्ये वळवाचा पहिला पाऊस आला त्या संध्याकाळी मागची क्लिपांची बाजू सुटली आणि अख्खं छप्पर उडून शेजारच्या शेवग्याला जाऊन लटकलं. शेजारच्या काकूंनी त्याचे फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले ते वेगळंच. पाइप जागेवर उभे आहेत, एकही वाकला नाही. ग्यारंटी कार्डावर कागदाला ३ वर्षं लिहिलंय, इथे ७ महिनेही झाले नाहीत.

तुमचं उत्तर आलं की वारा ही नैसर्गिक आपत्ती आहे, ग्यारंटीत बसत नाही. साताऱ्यात मे महिन्यात वळीव येतो ही आपत्ती नाही हो, कॅलेंडर आहे. मग दुसऱ्या माणसानं विचारलं की तुम्ही गंधक मारलं होतं का. हो, मारलं होतं, फेब्रुवारीत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आली म्हणून दोनदा, ८० टक्केवालं, लिटरला २ ग्रॅम. लगेच म्हणाले की गंधकानं कागद खराब होतो त्यामुळे क्लेम रद्द. आता हे खरं आहे हे मला नंतर एका पॉलीहाऊसवाल्या शेतकऱ्यानं सांगितलं, गंधकाचा कागदाच्या यूव्ही संरक्षणावर, म्हणजे उन्हापासून वाचवणाऱ्या घटकावर, परिणाम होतो, आणि पाइपवर जिथे कागद टेकतो तिथे पांढरा रंग मारायचा असतो नाहीतर तापलेल्या पाइपनं कागद तिथेच जातो. यातलं एक अक्षर तुमच्या पत्रकात नाही, कार्डावर नाही, फिटिंगवाल्या पोरांनाही माहीत नव्हतं. पाइप तर काळे रंगवून तुम्हीच दिलेत!

तरी मी म्हटलं असेल बाबा माझीही थोडी चूक. पण माझा भाचा एमआयडीसीत वर्कशॉपमध्ये आहे, त्याच्याकडे सहज एक तुकडा दिला. त्यानं मायक्रोमीटर लावून १० ठिकाणी मोजलं, सगळ्यात जास्त १२७ आणि सगळ्यात कमी ११६ मायक्रॉन. बिलावर लिहिलंय २०० मायक्रॉन, म्हणजेच ८०० गेज. माझा विश्वास बसेना म्हणून न फाटलेल्या भागातला बरोबर १ मीटर बाय १ मीटरचा तुकडा कापून किचनच्या वजनकाट्यावर ठेवला, ११२ ग्रॅम भरला. २०० मायक्रॉनचा असता तर १८४ ग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे, हा हिशोब तुमच्या कुठल्याही इंजिनिअरला विचारा. गंधकानं कागद ठिसूळ होत असेल, पातळ होत नाही. आणि वाऱ्यानं तर नाहीच नाही.

म्हणजे सरळ सांगायचं तर दुधात पाणी घालून विकलंत, आणि नासलं तेव्हा म्हणताय भांडं नीट घासलं नव्हतं.

मला काय पाहिजे ते लिहिते. खरोखरचा २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद, तो लावायच्या आधी माझ्यासमोर मोजून. राहिलेली स्प्रिंग. दोन्ही लांब बाजूंना गुंडाळायचे पडदे आणि त्यामागे ४० मेशची कीटकजाळी, याचे वाजवी पैसे मी द्यायला तयार आहे कारण ते मूळ किटमध्ये लिहिलेलं नव्हतं. फिटिंग मात्र तुमच्या खर्चानं. हे जमत नसेल तर कागदाचे आणि फिटिंगचे पैसे परत करा, पाइप मी ठेवते, त्यावर कारल्याचा वेल चढवेन.

१५ दिवस वाट बघते. नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीत एक आणि हातात दुसरं दिलं तर काय होतं ते ह्यांनी वाचून ठेवलंय, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पण लागत नाही. ह्यांना रिटायर झाल्यापासून वेळच वेळ आहे.

सोबत बिल, ग्यारंटी कार्ड, मायक्रोमीटरचे आणि वजनकाट्याचे फोटो जोडलेत. शेवग्याचा फोटो पण टाकलाय. कागदाचा तुकडा घडी घालून कपाटात ठेवलाय, तुमचा माणूस आला की दाखवीन. येणार असेल तर सकाळी १० च्या आत पाठवा.

तुमची ग्राहक,
सातारा