विरारजवळच्या आगाशीच्या सुकेळीवाल्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

तुम्ही सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, चाखायला दिलीत, ती उत्तमच होती. पण त्याआधी तुम्ही बिघडलेलं एक केळं उभं चिरून पुढे धरलंत. वरून छान तांबूस, आत मधोमध ओला पट्टा आणि आंबूस वास. विकायला बसलेलं माणूस आपला वाया गेलेला माल असा दाखवत नाही. हे पत्र त्यासाठी.

या भागाचा इतिहास आणि खाणं दाखवतो म्हणून पैसे घेणारे आधी भेटले होते. त्यांनी सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, बौद्ध स्तूपापुढे फोटो उरकले आणि साखरेत घोळवलेल्या केळ्याच्या चकत्या ‘सुकेळी’ म्हणून हातावर ठेवल्या. स्तूपाच्या त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत, हेही कुणी सांगितलं नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथे खणलं. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, भोवती आठ ब्राँझच्या मूर्ती आणि आत एकात एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, सोन्याचा असे करंडक निघाले. ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. ते पाहून आल्याशिवाय ओकंबोकं टेकाड काही बोलत नाही. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यात त्याच वर्षी सापडला, नवव्याचा १९५६ साली भुईगावजवळ.

सुकेळीचं मात्र सगळं तुमच्याकडूनच कळलं. केळं राजेळी जातीचंच हवं. अढीत पूर्ण पिकलेलं, पण साल सोलताना न फाटणारं. कच्चट राहिलं तर सुकल्यावर चिवट, पिठूळ लागतं. फार पिकलं तर तट्ट्याला चिकटतं. सोललेली केळी जमिनीपासून उंच तट्ट्यावर, एकमेकांना न लागता, साधारण आठवडाभर उन्हात ठेवायची आणि रोज उलटायची. ऊन उतरायच्या आत उचलून रात्री केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळायची. हे गुंडाळणं केवळ दवासाठी नाही, त्याने आतला ओलावा बाहेरच्या थराकडे सरकतो. पहिल्याच दिवशी कडक ऊन आणि वारा लागला की वरची कातडी आवळते, ओल आत कोंडते आणि केळं आतून आंबतं. तुम्ही चिरलेलं तेच होतं! मळभ आलं तर बुरशीची भीती वेगळीच. नीट झालेली सुकेळी वजनाने निम्म्याहूनही हलकी होते, दाबली तर लवते, बोटाला चिकटत नाही.

असं उघड बोलणारी माणसं गावोगावी असतात, पण त्यांच्या नावाची पाटी नसते. पाटी असलेल्यांना चार प्रश्न विचारले की घड्याळ आठवतं. तुम्ही हातातलं काम थांबवून प्रत्येक ‘का’चं उत्तर दिलंत, आणि विकत घ्या असं एकदाही म्हणाला नाहीत.

आगाशीला जाणाऱ्यांनी पावसाळा संपल्यावर, ऊन चांगलं धरलं की जावं आणि काकू सांगतील तो भाव द्यावा. केळीच्या वाड्यांच्या जागी इमारती येत असताना राजेळी टिकवणं सोपं नाही, आणि आठवडाभराची राखण त्या भावातच धरलेली असते.

मनापासून आभार, काकू.