फेरारीचे इंजिन आणि ती गोपनीय तडजोड

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुरावा नसेल तर दोषही नाही, म्हणून फॉर्म्युला वनमधल्या फेरारीच्या २०१९ च्या इंजिनाचा विषय आता मिटवावा, असे तू लिहिले आहेस. फेरारीवरची तुझी निष्ठा मी शाळेपासून पाहत आलो आहे आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण हे म्हणणे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर लिहितो.

त्या मोसमाचा उत्तरार्ध आठव. उन्हाळी सुट्टीनंतर स्पा, मॉन्झा, सिंगापूर, सोची, सुझुका आणि मेक्सिको अशा सलग सहा शर्यतींत पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, फेरारीकडे होती. मेक्सिकोतली रेड बुलच्या व्हर्स्टापनला झालेल्या शिक्षेमुळे मिळाली, हे खरे. पण सरळ पट्ट्यावर ती लाल गाडी ज्या वेगाने सुटत असे, तो वेग इतरांच्या अभियंत्यांना कोणत्याच हिशेबात बसवता येत नव्हता. २०१४ पासूनच्या त्या वेळच्या नियमांत टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) दाबावर मर्यादा नव्हती, ताकदीला लगाम होता तो इंधनाच्या प्रवाहाचा, म्हणजे ताशी १०० किलोचा. त्यामुळे त्याहून थोडेही जास्त इंधन इंजिनात गेले, तर त्याची थेट ताकद होत असे. हा प्रवाह मोजणारा सेन्सर इंधनातून ध्वनिलहरींचे ठोके सोडतो, एक प्रवाहाच्या दिशेने आणि एक उलट, आणि दोन्हींना लागलेल्या वेळेतल्या फरकावरून प्रवाह किती ते काढतो. म्हणजे त्याची नजर अखंड नसते. सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहतो. दोन मोजण्यांच्या मधल्या त्या क्षणात कोणी जास्तीचे इंधन सोडत असेल आणि मोजणीच्या क्षणी पुन्हा मर्यादेत येत असेल तर काय, हाच तो संशय.

प्रतिस्पर्धी रेड बुल संघाने ऑस्टिनच्या शर्यतीआधी एफआयएला, म्हणजे या खेळाच्या नियामक संस्थेला, नेमके हेच विचारले आणि असे करणे नियमबाह्य ठरेल असे उत्तर आले. त्या शर्यतीत फेरारीचा लक्लेर मर्सिडीजच्या विजेत्या बोटासच्या मागे सुमारे ५२ सेकंदांनी चौथा आला. संशय घेणाऱ्यानेही हिशेब पुरता मांडला पाहिजे, म्हणून हेही लिहितो की लक्लेरच्या गाडीत त्या दिवशी जुने इंजिन होते आणि आदल्या दिवशी फेरारीच्याच व्हेटेलची पोल अवघ्या ०.०१२ सेकंदाने हुकली होती. एकट्या ऑस्टिनवरून मी काहीच सिद्ध करणार नाही. पुढे अबुधाबीला लक्लेरच्या गाडीत संघाने कळवलेले इंधन आणि प्रत्यक्ष भरलेले इंधन यांत ४.८८ किलोचा फरक सापडला, ५०,००० युरो दंड झाला आणि त्याचा तिसरा क्रमांक कायम राहिला.

मला खरा राग आहे तो त्यानंतरच्या गोष्टीचा. २८ फेब्रुवारी २०२० रोजी, बार्सिलोनातला मोसमपूर्व सराव संपता संपता, एफआयएने एक छोटे निवेदन काढले: तपास पूर्ण झाला आहे, फेरारीशी तडजोड झाली आहे आणि तिचा तपशील दोन्ही पक्षांतच राहील. फेरारीचे इंजिन न वापरणारे सातही संघ एकत्र येऊन जाहीरपणे विरोधात उभे राहिले. त्यावर एफआयएने जे उत्तर दिले ते तू पुन्हा वाच. फेरारीच्या इंजिनाबाबत आपले पूर्ण समाधान झाले नव्हते, पण विषयाची गुंतागुंत पाहता नियमभंगाचा निर्विवाद पुरावा देणे अशक्य असल्याने प्रकरण पुढे नेले नाही, असा त्याचा आशय आहे. आपण नियमांतच होतो असे फेरारीने कायम सांगितले. म्हणजे तपासणाऱ्याचे समाधान नाही, ज्याला तपासले तो निर्दोष असल्याचे सांगतो, आणि आत काय सापडले ते कोणालाच कळत नाही. तेव्हा एफआयएच्या अध्यक्षपदी जाँ तोद होते, ज्यांनी आधी कित्येक वर्षे फेरारीचाच संघ चालवला होता. मी त्यांच्यावर आरोप करत नाही. पण नेमक्या अशा वेळी तरी सगळी कागदपत्रे उघडी ठेवायला नको होती का?

आणि हे अशक्य नव्हते. २०१४ साली मेलबर्नला ऑस्ट्रेलियाचा रिकार्डो रेड बुलकडून आपली पहिली शर्यत, तीही घरच्या लोकांसमोर, दुसऱ्या क्रमांकाने संपवून व्यासपीठावर चढला आणि त्याच रात्री बाद झाला. कारण हेच, ताशी १०० किलोची मर्यादा. सेन्सर चुकीचा आहे, आमची मोजणी बरोबर आहे, असे संघाचे म्हणणे होते. अपील झाले, बाजू ऐकली गेली आणि अपील फेटाळले गेले. निकाल कटू होता, पण तो सर्वांना वाचता आला. १९९४ साली बेनेटन संघाच्या गाडीच्या संगणकात, मेनूच्या दिसणाऱ्या यादीखाली, बंदी घातलेल्या स्वयंचलित स्टार्टची सोय दडलेली सापडली, तेव्हाही ती वापरल्याचा पुरावा मिळाला नाही. तरी काय सापडले आणि काय सापडले नाही, हे जगाला कळले. लोक आजही त्यावर भांडतात, पण निदान माहितीच्या आधारावर भांडतात.

२०२० मध्ये गाड्यांवर इंधनाचा प्रवाह मोजणारा दुसरा सेन्सर बसवणे सक्तीचे झाले. त्या वर्षी संघांच्या क्रमवारीत फेरारी सहावी आली. आदल्या वर्षी जिथे लक्लेर जिंकला होता त्या स्पाला दोन्ही गाड्या तेराव्या आणि चौदाव्या आल्या. नव्या गाडीला हवेचा विरोध जास्त होत होता हे मला मान्य आहे, पण सगळी घसरण तेवढ्यावर कशी टाकायची?

मला सर्वांत वाईट वाटते ते लक्लेरचे. २०१९ ला मॉन्झाला आधी मर्सिडीजचा हॅमिल्टन आणि मग बोटास मागे लागलेले असताना त्याने ती शर्यत सोडली नाही. फेरारीला तिथे २०१० नंतर पहिल्यांदा विजय मिळाला. त्या तडजोडीत त्याचे मत कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही, आणि तरी त्या विजयावरचा प्रश्न त्यालाच वाहावा लागणार आहे. पुढच्या पत्रात फेरारी निर्दोष होती की नाही, यावर लिहू नकोस. तुझा मुलगा उद्या ती शर्यत बघेल आणि त्या इंजिनाच्या तपासात काय निघाले असे तुला विचारेल, तेव्हा तू त्याला काय सांगशील, ते मात्र जरूर लिही.

घरी सर्वांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश