चिठ्ठी त्याच्या हातात दिलीत, म्हणून

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "गाडीला उशीर होईल" म्हणून आम्हाला वाटेला लावता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गावाच्या मते डोक्यात फरक पडलाय, आत्याच्या मते बाहेरचं आहे. अंगारे झाले, लिंबं उतरवून झाली. "लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येतो," हा सल्ला पाव्हण्यारावळ्यांनी फुकटात दिला. कुणाची पोरगी करायची ते मात्र एकानंही सांगितलं नाही. एका शहाण्यानं साखळी सुचवली. साखळीला २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे, हे मी त्याला ओट्यावरच ऐकवलं.

शिकलेलेही फार वेगळे निघाले नाहीत. तुमच्या आधीच्या एका मोठ्या डॉक्टरांनी, भाऊ समोर बसलेला असताना मला विचारलं, "हा जेवतो का? झोपतो का? मारतो का?" गोळ्या लागू पडल्या, हे नाकारत नाही. रात्रीची ओरड थांबली. पण मोबाइलच्या टॉवरवरून आपल्या मनातलं अख्ख्या गावाला ऐकू जातं, हे त्याचं म्हणणं जागच्या जागी राहिलं.

तुम्ही गोळ्या बंद केल्या नाहीत. टॉवर खरा की खोटा, यावर वादही घातला नाहीत. पहिल्याच दिवशी विचारलंत, हे सुरू झालं तेव्हा घरात काय चाललं होतं? वाटण्या चालल्या होत्या, डॉक्टर. अण्णा गेले आणि चुलत्यांशी जमिनीवरून जुंपली. जो तो दार लोटून कुजबुजायचा आणि हा आत आला की सगळे गप्प. एवढी साधी गोष्ट आजवर कुणी विचारलीच नव्हती. पुढे दर मंगळवारी बंद दाराआड तुमचं काय बोलणं होतं, ते मला कधी सांगितलं नाहीत. आधी राग यायचा. आता बरं वाटतं, त्याचं असं काहीतरी आहे म्हणून.

आणि ती चिठ्ठी. तुम्ही रजेवर निघाला होता. निरोप मला फोनवर दिला असता तरी चाललं असतं. पण तुम्ही पाठकोऱ्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलंत: "पुढचे दोन मंगळवार मी नाही. त्यानंतरच्या मंगळवारी ११ वाजता इथंच भेटू." सवयीनं मी हात पुढे केला. तुम्ही मला वळसा घालून कागद त्याच्यापुढे धरलात. "ही तुमची." तुमची! घरात त्याला अहो कुणी म्हणत नाही. त्यानं ती वाचली, चार घड्या घातल्या, सदऱ्याच्या खिशात ठेवली. घामानं शाई फुटली तरी काढून बघायचा. एरवी माणूस दिसेनासं झालं की टॉवरनं उचललं म्हणणारा हा, या वेळी मलाच समजावत होता, "आक्का, रजेवर गेलेत. येतील."

असे रुग्ण डॉक्टरशी नातं जोडू शकत नाहीत, म्हणून मनोविश्लेषण, म्हणजे माणसाला बोलतं करून मनाच्या तळाचं शोधायचा उपचार, त्यांच्या कामाचा नाही, असं खुद्द तो काढणाऱ्या फ्रॉइडचं मत होतं, हे तुम्हीच सांगितलंत. तरी जर्मनीतून परागंदा झालेल्या मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइकमान १९३५पासून अमेरिकेत मेरीलँडच्या चेस्टनट लॉज रुग्णालयात अशांजवळच बसल्या, आणि आपल्याकडे मनोविश्लेषण रुजवणाऱ्या गिरींद्रशेखर बोसांच्या मंडळींनी १९४० साली कोलकात्यात लुंबिनी पार्क रुग्णालय काढलं, हेही. नुसत्या बोलण्यानं हा आजार जाईल, अशी हमी तुम्ही दिली नाहीत, ते आवडलं. फ्रॉइड मोठा माणूस. पण आमच्या पोराचा खिसा त्यानं बघितला नव्हता.

पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. सरकारची जुनी मनोरुग्णालयं ही चार, त्यात मराठवाड्याचं एक नाही. खाटा मिळायलाच हव्यात, त्यासाठी भांडूच. पण पेशंटकडे बघून बोलायला खाट लागत नाही, मंजुरी लागत नाही. ते आजही कुठल्याही ओपीडीत जमण्यासारखं आहे, आणि नेमकं तेच होत नाही.

टॉवर अजून आहे. भाऊ मात्र शेतात जायला लागलाय. तुम्ही भेटवस्तू घेत नाही, ठाऊक आहे. तरी येत्या मंगळवारी तुरीची डाळ आणतोय. त्यानं स्वतः निवडलीय. घ्यायची नसेल तर तसं त्यालाच सांगा, मला नको.

आपली,
पेशंटची आक्का
सेलू, जि. परभणी