मामाच्या रिपोर्टवरचे दोन आकडे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

मामाच्या कर्करोगाच्या रिपोर्टचे फोटो मिळाले. बाबा, 'सीपीएस १५' म्हणजे शंभरात पंधरा मार्क नव्हेत. गाठीच्या पातळ कापावर पीडी-एल१ हे प्रथिन (यामुळे गाठ शरीराच्या प्रतिकारशक्तीपासून लपते) दिसेल असा रंग चढवतात. रंगलेल्या गाठीच्या पेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज (या दोन प्रतिकारशक्तीच्या पेशी) यांची बेरीज करतात, तिला गाठीच्या जिवंत पेशींच्या संख्येने भागतात आणि शंभराने गुणतात. तोंड-घशाचा कर्करोग उलटला किंवा पसरला असेल, तर सीपीएस १ पासून पुढे पेम्ब्रोलिझुमॅब (प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारं औषध) एकटं देता येतं. म्हणजे १५ चालतात.

पण एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा: सोबत केमोही लागेल का? २०१९ च्या कीनोट-०४८ चाचणीत सीपीएस २० किंवा अधिक असलेल्यांचा (मामाचा १५, म्हणून हे आकडे त्याला तंतोतंत लागू नाहीत) मध्यक जगण्याचा काळ, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो, एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबवर १४.९ महिने होता, सेटुक्सिमॅब या दुसऱ्या औषधासह केमोवर १०.७. गाठ आकसलेल्या रुग्णांचं प्रमाण मात्र उलटं: २३ टक्के विरुद्ध ३६. गाठीमुळे गिळायला किंवा श्वासाला अडथळा असेल, तर ती लवकर लहान होणं महत्त्वाचं. तिथे आकडा चांगला असूनही पेम्ब्रोलिझुमॅबला केमोची जोड देतात.

आई, तू विचारलेला टीएमबी १२ म्हणजे डीएनएच्या दर दहा लाख अक्षरांमागे १२ बदल. १० पासून पुढे 'जास्त' म्हणतात. जितके बदल जास्त, तितकी ती पेशी परकी म्हणून ओळखू येण्याची शक्यता जास्त. पण १२ वर मी फार विसंबणार नाही. सोबत रक्ताचा नमुना तपासला नसेल, तर जन्मजात फरकही गाठीचे म्हणून मोजले जातात. ते वजा करायला वापरतात त्या माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाचे लोक जास्त, त्यामुळे इतरांचा आकडा फुगतो. तपासलेली जनुकं थोडी असली किंवा फॉर्मालिनने (तुकडा टिकवायचं द्रावण) डीएनए खराब झाला असला, तरीही तो डळमळतो. औषध ठरवताना आधी सीपीएस बघायचा, टीएमबी त्यानंतर.

खरी गोम तपासायला काढलेल्या तुकड्यात असते. तो मानेतल्या लसिकाग्रंथीतून सुईने काढला असेल, तर तिथले लिम्फोसाइट मूळचेच, गाठीमुळे आलेले नव्हेत. ते मोजले गेले की सीपीएस उगाच वाढतो. गाठीच्या जिवंत पेशी निदान १०० हव्यात. तुकडा फॉर्मालिनमध्ये ६ ते ७२ तास राहायला हवा. जबड्याचं हाड आम्लात मऊ केलं असेल, तर त्यातून जनुकांची तपासणी बहुधा फसते. शेजारच्या मऊ भागाचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागावा. पी१६ (एचपीव्ही विषाणूची खूण म्हणून तपासतात ते प्रथिन) पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, यावरून मात्र हे औषध द्यायचं की नाही हे ठरत नाही.

मामीला सांगा, फक्त काचा (काप लावलेल्या पट्ट्या) आणू नकोस, मेणाचा ब्लॉकही माग. कापून ठेवलेल्या काचांवरचा पीडी-एल१ काही महिन्यांत फिका पडतो आणि पुन्हा तपासलं तर आकडा खोटा कमी येतो. ब्लॉक कोणत्या तारखेचा, कुठल्या जागेचा, हे पाकिटावर लिहून घ्या.

तुमची,
ताई