चपलांपाशी बसलेल्या त्या भाऊंना

भाऊ,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मिरजेच्या दर्ग्यात, उरुसात, खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या आठवणीत गाण्याची सभा होते, तिथं तुम्ही सतरंजीच्या पार कडेला, चपलांच्या ढिगाशेजारी बसला होतात. चौकड्याचा शर्ट आणि नखांच्या कडेला मुरलेलं तांबूस पॉलिश. त्यावरून मी आपली समजूत करून घेतली की तुम्ही सतारमेकर गल्लीतले. तसं नसेल तर रागावू नका. माझ्याबरोबर वॉकर घेऊन आलेले म्हातारे गृहस्थ होते ना, ते माझे वडील. अप्पा.

आम्ही कडेला मुद्दामच बसलो होतो. वेळ आली तर पटकन उठून जाता यावं म्हणून.

दोन वर्षांपूर्वी अप्पांवरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. 'चला मागं सरका, मागं जागा हाय' असं एस.टी.त ओरडण्यात ज्यांची सारी नोकरी झाली, त्यांना आता पाणी हवं असलं तरी 'पाणी' म्हणता येत नाही. पण खाँसाहेबांच्या जुन्या तबकडीतली भैरवी लावली की तीच शब्दांसकट गुणगुणतात! डॉक्टर म्हणाले, होतं असं. बोलणं आणि गाणं डोक्यात एकाच कप्प्यात नसतं. बाकी ऐकताना तोंडातून एकच आवाज निघतो, 'आ!' ही त्यांची दाद. फक्त ती आता समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडत नाही. मात्रांचा हिशेब कुठंतरी सांडलाय. भलत्याच जागी येते, आणि मोठ्यानं येते.

मागच्या थंडीत सांगलीत एका मोठ्या हॉलमध्ये मी त्यांना गाण्याला नेलं होतं. चांगलं तिकीट काढून. पुढच्या दोन रांगांत सोफे होते आणि गाणं सुरू होईपर्यंत ते रिकामेच होते. पाहुणे उशिरा आले, मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रायोजकांची नावं, पुन्हा शाल. आलाप चालू असताना सोफ्यावरच्या एकाचा मोबाईल दोनदा वाजला, आणि त्यानं तो तिथंच बसून घेतलाही. कुणी काही बोललं नाही. पण अप्पांचा 'आ' निघाला तसा छातीला बिल्ला लावलेला एक मुलगा वाकून आला. 'मॅडम, पेशंटला जरा बाहेर नेता का?' पेशंट! पन्नास वर्षं गाणं ऐकलेला माणूस. मी त्यांना बाहेर नेलं. रिक्षात ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यानंतर गाण्याला जायचं नाव काढलं की मान हलवायचे.

तरी दर्ग्यात आणलं, कारण इथं ना तिकीट ना पास. मी लहान असताना अप्पा मला सायकलवर मागं बसवून सांगलीहून मिरजेला आणायचे, उरुसाला आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळातल्या गाण्यांना. मी त्यांच्या मांडीवर झोपायची. एका आण्याचा खर्च नसायचा, चहाचा तेवढा. कंडक्टरच्या पोरीच्या कानावर इतकं गाणं पडलं ते या दोन ठिकाणी. मोठमोठे गवई इथं मैफल करायला येत नाहीत, हजेरी लावायला येतात, असं अप्पा म्हणायचे. म्हणायचे तेव्हा.

त्या रात्री गाणाऱ्या बाईंनी दरबारी राग काढला आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण दरबारी लागला की अप्पा हमखास खाँसाहेबांची गोष्ट सांगायचे. १९३७ साल, मद्रासकडून पाँडिचेरीला निघालेली गाडी. छातीत दुखायला लागलं म्हणून खाँसाहेब सिंगपेरुमाळकोईल नावाच्या बारक्या स्टेशनवर उतरले, फलाटावर पथारी पसरली, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हणत तिथंच गेले. मग त्यांना मिरजेत आणून याच आवारात दफन केलं. गोष्ट सांगून झाली की अप्पा बोट करायचे, 'तिथं.' परवाही त्यांनी डावा हात उचलला, त्याच दिशेला. शब्द आला नाही. आला तो 'आ', बाईंच्या मंद्रातल्या अगदी हळुवार जागेवर.

चार माना वळल्या. तुमचीही वळली. तुम्ही उठलात तेव्हा मी वॉकर हातात घेतला होता. आता हेही बाहेर काढणार, दुसरं काय.

तुम्ही आलात आणि अप्पांच्या डाव्या बाजूला मांडी घातलीत. मला फक्त एवढंच म्हणालात, 'बसू द्या की ताई, जाणकार दिसतायत.' मग त्यांचा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेतलात आणि त्याच्यावर ठेका धरलात. विलंबित एकताल. पहिल्या मात्रेला टाळी, तिसरीला खाली, म्हणजे बिनटाळीची जागा, पाचवीला टाळी, सातवीला पुन्हा खाली, मग नववी, अकरावी. खालीला तुम्ही त्यांचा तळवा अलगद उलटा करत होतात. इतक्या संथ लयीत बारा मात्रा म्हणजे केवढी वाट! मला वाटलं एखादं आवर्तन कराल, सौजन्य म्हणून. तुम्ही ख्याल संपेपर्यंत सोडलं नाहीत. तुमचा चहा शेजारी निवून त्यावर साय धरली.

पहिली दोन आवर्तनं अप्पा नुसते हाताकडं बघत होते. तिसऱ्याला त्यांची बोटं तुमच्याबरोबर हलायला लागली. आणि बाईंनी मुखडा घेतला, अकरावी गेली, बारावी गेली, आणि 'आ!' बरोब्बर समेवर. बाईंनी स्वरमंडळावरून मान वर केली, थेट कडेला बघितलं आणि हसून हात जोडले. अप्पा रडले. मीही.

तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, काढताना घोडीवर तारेखाली दोऱ्याचा एवढासा तुकडा सरकवतात. तो नेमक्या जागी बसेपर्यंत तार नुसती ठणठणते, आणि बसला की बोलायला लागते. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं. पण ते दोरा सरकवणं काय असतं ते मला त्या रात्री तुमच्याकडं बघून कळलं. खरं तर तुम्हाला हे मी सांगायचं म्हणजे काय!

दरबारी संपल्यावर मी अप्पांना उठवत होते, तेवढ्यात तुम्ही गर्दीत कुणाला तरी चहा द्यायला गेलात. मी शोधलं. दोघांना विचारलंही, पण चौकड्याचा शर्ट एवढ्या खुणेवर कोण सापडतंय.

आता रोज संध्याकाळी घरी रेडिओ लावला की अप्पा डावा हात माझ्यापुढं धरतात. ठेका मला धरावा लागतो. सातवीची खाली माझी हटकून चुकते आणि ते माझ्याकडं असे बघतात, जसे सुट्टे पैसे न देणाऱ्या प्रवाशाकडं बघायचे. पुढच्या उरुसाला येतोय आम्ही. चपलांपाशीच बसू. तुमच्यासाठी जागा धरून ठेवते.

तुमची,
कंडक्टरची मुलगी, सांगली