शेळीला फक्त किलोवर मोजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. गोठ्यात पाऊल टाकलं आणि गलबललं, कारण जिथे कायम चौदा-पंधरा शेरडं असायची तिथे दोनच उरलेली, बाकीची चुलतभावाने बाजारात नेऊन विकली होती. त्याची अडचण होती, त्याला मी दोष देत नाही. पण विकलेल्यांत एक काळीभोर उस्मानाबादी शेळी होती, दोन्ही वेळचं मिळून दीड लिटर दूध देणारी, शांत, कुणालाही धार काढू देणारी. व्यापाऱ्याने तिची कंबर दाबून बघितली, वजनाचा अंदाज घेतला आणि भाव केला. दूध किती देते हे विचारलंसुद्धा नाही. मी हळहळले तर वहिनी म्हणाली, "वन्सं, तिच्या दुधाला गिऱ्हाईकच नाही तर इचारणार कोण?"

हे वाक्य काही डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र.

मी निवृत्त शिक्षिका आहे, सोलापूरला राहते. 2019 च्या जूनमध्ये मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेले होते तेव्हा तिने एका रविवारी पेस्कॅडेरोला नेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला समुद्रकाठी हे छोटंसं गाव आहे, जाताना डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना रेडवूडची उंचच उंच झाडं, आणि खाली उतरलं की एकदम गार वारा आणि धुकं, जून महिना असून मला शाल लागली. तिथे हार्ली फार्म्स म्हणून शेळ्यांची डेअरी आहे. मुलगी म्हणाली आई तुला शेळ्या दाखवते, मला वाटलं शेळ्या काय बघायच्या, लहानपण त्यांच्यामागेच गेलं. पण तिथून निघेपर्यंत माझं मत पार बदललं.

ती जागा मुळात 1910 सालची गाईंची डेअरी. डी हार्ली नावाच्या, मूळच्या इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या बाईने ती पुन्हा उभी केली आणि सुरुवात केली फक्त 6 शेळ्यांवर. सहा! आपल्याकडे वाडीवस्तीवर कुठल्याही बाईच्या दारात असतात तेवढ्या. पुढे वाढत वाढत त्या दोनशेच्या घरात गेल्या. सगळ्या अल्पाइन जातीच्या, आपल्या शेळ्यांपेक्षा अंगाने मोठ्या, कास मोठी, आणि या जातीची शेळी दिवसाला तीन-चार लिटर दूध सहज देते. कळपाच्या राखणीला लामा हे उंटाच्या कुळातले प्राणी, मान ताठ करून उभे.

लोक तिकीट काढून येतात, पोराबाळांना घेऊन कुरणात शेळ्यांमध्ये फिरतात, धारा काढायची जागा बघतात, चीज कसं होतं ते ऐकतात आणि शेवटी चव घेतात. मी एका शेळीच्या कपाळावर खाजवलं तर ती तशीच डोकं टेकवून उभी राहिली, अगदी आमच्या घरच्यासारखी, आणि माझे डोळे भरून आले. मुलगी म्हणाली काय झालं, मला सांगताच येईना.

आता चीजबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे चीज म्हटलं की पिझ्झावरचं पिवळं ताणणारं नाहीतर डब्यातल्या चौकोनी वड्या एवढंच माहीत असतं. हे तसं नाही. शेळीचं ताजं चीज म्हणजे पांढराशुभ्र मऊ गोळा, ब्रेडला लावायचा. पांढरं का, तर चाऱ्यातल्या कॅरोटीनचं शेळी व्हिटॅमिन ए करून टाकते, त्यामुळे गाईच्या दुधातला पिवळेपणा इथे नसतो. हार्लीचं चीज बघण्यासारखं असतं, वर खायच्या फुलांच्या रंगीत पाकळ्या लावलेल्या. मी घास घेतला आणि पहिला शब्द तोंडातून आला तो म्हणजे चक्का! श्रीखंडाला टांगतो तसाच आंबटसर, फक्त थोडा खारट आणि जास्त लोण्यासारखा. कृती ऐकली तर तीही ओळखीचीच निघाली. दूध तापवून निववायचं, विरजण आणि रेनेटचे थेंब टाकायचे, रात्रभर लागू द्यायचं, फडक्यात टांगायचं, मीठ लावायचं. रेनेट म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, पूर्वी तो बहुतेक वासराच्या-करडाच्या पोटातून काढायचे, आता बुरशीपासून केलेला शाकाहारीसुद्धा मिळतो, हे मुद्दाम सांगते कारण आपल्याकडे तो प्रश्न पहिला येणार.

म्हणजे ज्या बाईला चक्का टांगता येतो तिला हे चीज करता येणार नाही असं काहीच नाही. आणि आपल्या जिल्ह्यात चक्का न येणारी बाई मला दाखवा.

परत आल्यावर मी सोलापुरात घरी करून बघितलं. वहिनीने गावाहून एसटीने दोन लिटर दूध पाठवलं. 63 अंशावर अर्धा तास ठेवलं (थर्मामीटर मुलीने दिला होता), निववलं, चमचाभर ताक आणि रेनेट घातलं, सकाळी टांगलं. तीनेकशे ग्रॅम निघालं, पण वास एवढा उग्र की घरात कुणी तोंडाला लावेना. मग कारण शोधत बसले. शेळीच्या दुधात काही ठराविक फॅटी ॲसिड्स जास्त असतात, कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक, ही नावंच मुळी शेळीच्या लॅटिन नावावरून आलीत, आणि दूध ढवळलं, हेंदकाळलं, गरम राहिलं की ती मोकळी होऊन वास सुटतो. त्यात वहिनीचा बोकड दुभत्या शेळ्यांच्या शेजारीच बांधलेला, त्याच्या अंगाचा वास दुधाला धरतो. दुसऱ्या खेपेला तिने बोकड लांब बांधला, कास धुऊन धार काढली, बरणी लगेच बर्फात ठेवली आणि भाऊ तशीच घेऊन आला. वास नाही म्हणजे नाही! शेजारच्या काकूंनी ज्वारीच्या कडक भाकरीवर लावून वर शेंगाचटणी भुरभुरवून खाल्लं आणि अजून आहे का विचारलं.

तर "शेळीच्या दुधाला वास येतो" हे जे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो ते खरं तर दुधाचं नाही, आपल्या हाताळणीचं आहे. पण ती हाताळणी सुधारायची कुणी आणि कशासाठी, जर दूध कुणी घेतच नसेल? लहानपणी माझी आई एकदा संकलन केंद्रावर शेळीचं दूध घेऊन गेली होती, वेगळ्या चरवीत, लपवून नाही. त्यांनी चारचौघांत हसून परत पाठवलं. त्यानंतर ती कधी गेली नाही. आमचं दूध चहाला, करडांना आणि उरलंच तर मांजराला.

आपल्याकडे शेळ्या कमी आहेत म्हणावं तर तसंही नाही. 2019 च्या पशुगणनेत देशात 14 कोटी 88 लाख शेळ्या मोजल्या गेल्या, त्यातल्या 1 कोटी 6 लाख आपल्या महाराष्ट्रात. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ अशा आपल्या मातीतल्या जाती आहेत. शेळीच्या दुधात भारत जगात पहिला आहे, आणि तरी देशाच्या एकूण दुधात शेळीचा वाटा तीन-चार टक्केच, आणि तेही बहुतेक घरातच संपतं.

कुणी म्हणेल अमेरिकेतल्या लोकांना चीजची सवयच आहे, आपल्याकडे कोण खाणार. पण शेळीचं चीज तिथेही नवीनच होतं. लॉरा चेनेल नावाची कॅलिफोर्नियातली बाई, घरच्या शेळ्यांचं दूध जास्त झालं म्हणून चीज करायला लागली, नीट जमेना म्हणून 1979 साली फ्रान्सला जाऊन तिथल्या शेतकरी कुटुंबांकडे शिकून आली. बर्कलीतल्या शे पानीस या हॉटेलच्या ॲलिस वॉटर्सने तिचं चीज सॅलडमध्ये वाढायला सुरुवात केली आणि तिथून ते पसरलं. म्हणजे एका बाईने केलं आणि दुसऱ्या बाईने ते आपल्या ताटात घेतलं. चव अशीच लागते लोकांना, कुणीतरी मान देऊन वाढावं लागतं.

आपल्याकडे ते ताट तयार आहे, ते म्हणजे हुरडा. डिसेंबर ते फेब्रुवारी सोलापूर, धाराशिव, अहिल्यानगर या पट्ट्यात पुण्या-मुंबईहून गाड्या भरभरून लोक हुरडा पार्टीला येतात. आगटीत भाजलेली गूळभेंडी ज्वारीची कणसं, शेंगाचटणी, दही, गूळ, बोरं, सगळं असतं. तिथे एका वाटीत शेळीचं ताजं चीज ठेवायला काय हरकत आहे? दिवस थंडीचे, म्हणजे दूध नासायची भीती त्यातल्या त्यात कमी, आणि गिऱ्हाईक दारातच असल्यामुळे माल शहरात पोचवायची कटकट नाही. आधी पाहुण्यांना गोठा दाखवा, शेळी काय खाते ते दाखवा (शेवरी, सुबाभूळ, बाभळीच्या शेंगा, शहरातल्या मुलांनी हे पाहिलेलंच नसतं), धार काढताना बघू द्या, मग चव द्या. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. शेळीपालनाच्या प्रशिक्षणात वजनवाढ, लसीकरण, गोठा हे सगळं शिकवतात, त्यात एक दिवस दुधाचा आणि चीजचा घाला एवढीच विनंती आहे.

पण हे करायचं तर नीट करा. मध्यंतरी मी नातवंडांना घेऊन एका कृषी पर्यटन केंद्रात गेले होते, नाव लिहीत नाही. तिथे चार करडं छोट्या जाळीत कोंडून ठेवलेली, भर दुपारी, पाण्याचं भांडं कोरडं. मुलं एकेक करडू उचलून फोटो काढत होती आणि ती ओरडत होती. मी पाणी मागितलं तर तिथला माणूस म्हणाला मॅडम संध्याकाळी देतो. नातीने विचारलं आज्जी यांची आई कुठे आहे, माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेस्कॅडेरोला आम्ही शेळ्यांच्या जागेत पाहुणे म्हणून गेलो होतो, इथे शेळ्यांना आमच्यासाठी खेळणं केलं होतं. असलं पर्यटन नको.

आणखी काही गोष्टी मनापासून सांगते. आपल्या शेळीला बहुतेकदा दोन करडं होतात, आणि दूध अर्धा ते दीड लिटर, म्हणजे आधी करडांचं पोट, मग आपलं. करडांना उपाशी ठेवून चीज करणार असाल तर अजिबात करू नका. विलायती शेळ्या आणायच्या मागेही लागू नका, मराठवाड्याच्या उन्हात उस्मानाबादी टिकते, तिच्यातल्याच चांगल्या दुधाच्या शेळ्या निवडून ठेवा, बाजारात पाठवू नका. कच्च्या दुधाचं चीज करू नका, शेळ्यांमध्ये ब्रुसेलोसिस नावाचा जंतूंचा आजार असतो आणि तो दुधातून माणसाला होतो, त्यामुळे तापवणं आलंच, आणि अन्न परवाना पण काढायचाच. औषध म्हणून विकू नका ही तर हात जोडून विनंती. डेंग्यूची साथ आली की शेळीचं दूध वाटेल त्या भावाने विकलं जातं, प्लेटलेट वाढतात म्हणून, त्याला काही पक्का आधार नाही आणि घाबरलेल्या माणसाकडून पैसे काढणं बरं नाही. दूध पचत नाही त्यांना शेळीचं चालतंच असंही नाही, लॅक्टोज यातही असतंच. चांगलं लागतं म्हणून विका, तेवढं पुरेसं आहे.

आपल्या पेपरच्या शेती पुरवणीत शेळीपालनावर नेहमी छापून येतं, मी सगळं वाचते, पण ईदच्या बाजाराचे भाव आणि बोकडांची वजनं यापलीकडे क्वचितच काही असतं. आपल्या बातमीदारांनी शेळीचं दूध काढणाऱ्या बायकांशी बोलावं, कुठे कुणी चीज करत असेल तर तिचा फोटो छापावा. असतील नक्की कुणीतरी, वहिनीसारख्या बायकांना ते दिसायला पाहिजे.

उरलेल्या दोन शेळ्यांतली एक त्या विकलेल्या काळीचीच पाठ, म्हणजे तरुण शेळी, आहे, यंदा पहिल्यांदा गाभण आहे. दिवाळीच्या आसपास व्यायला पाहिजे. भावाला मी सांगून ठेवलंय की हिला बाजार दाखवायचा नाही. करडं चारा खायला लागली की मी गावी जाणार आहे, शेजारच्या वस्तीवर हुरड्याला पाहुणे येतात त्यांच्याशी बोलणं झालंय, पहिली वाटी तिथे ठेवायची. बर्फाचा डबा भाऊ आणणार आहे, फडकं माझ्याकडचं, श्रीखंडाचं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर