डिस्चार्ज कार्डावर नसलेली ओळ

मा. संपादक,

मी गोव्यातल्या सरकारी इस्पितळांत परिचारिका होते, बरीच वर्षे कॅज्युअल्टीत. जीव द्यायला गेलेला माणूस रात्री आणला की आमच्यात पहिला शब्द निघायचा, ‘एमएलसी आली’, म्हणजे पोलिसांत कळवायची केस. केसपेपरवर शिक्का, पोलिसांना फोन. नाव विचारायचं ते मागाहून. टोमणाही ठरलेला : ‘खऱ्या आजाऱ्यांना खाट नाही आणि ह्यांची ही थेरं!’ मीही तो मारलेला आहे.

विशीतली एक मुलगी आठवते. तीन दिवस उशीच्या अभ्र्याचं टोक दुमडायची, उलगडायची. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं : गोळ्या, हलका आहार, सात दिवसांनी ओपीडी. आईने दारात विचारलं, ‘सिस्टर, घरी तिच्याशी बोलू काय?’ मी म्हटलं, ‘तो विषयच काढू नका, विसरेल.’

सात दिवसांनी ती आली नाही. का आली नाही, हे विचारणं कुणाचंच काम नव्हतं.

माझा सल्ला चुकीचा होता. ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारल्याने ते खूळ डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आधी एकदा प्रयत्न झालेला असणं ही सर्वांत मोठी धोक्याची खूण, आणि घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे जास्तच नाजूक. नेमके तेव्हाच आपण हात झटकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ तर अशा माणसाला गुन्हेगार नव्हे, तीव्र ताणाखालचा मानायला सांगतं. उपचार आणि पुनर्वसन ही सरकारचीच जबाबदारी ठरवतं. पोलिसांकडची नोंद होऊ दे, पण काम तिथे संपतं कसं?

‘मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून?’ हे उत्तर मला पाठ आहे. बांबोळीला मनोरुग्णांसाठी सरकारी संस्था आहे, पण सत्तरी तालुक्यातल्या माणसाला तिथवर जायचं म्हणजे दिवस मोडतो, वर ‘बांबोळीला नेलं’ म्हणून गावभर बोभाटा. मात्र ह्याच गोव्यात ‘मानस’ प्रयोग झाला, २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण दिलेले समुपदेशक आरोग्य केंद्रांत बसले आणि सरकारी केंद्रांतले नैराश्याचे रुग्ण अधिक संख्येने बरे झाले. घरचीच गोष्ट आपण विसरलो.

टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. तो नातेवाइकांना लिहून द्यावा. आणि कार्डावर ओपीडीच्या तारखेखाली आणखी एक ओळ छापावी : घरी फोन कोण करणार, कोणत्या दिवशी. ज्या सिस्टरचं नाव तिथे येईल तिला त्या फोनापुरती ड्युटीतून सवड द्या, म्हणजे झालं.

– एक निवृत्त परिचारिका, डिचोली